काळा कोट, नग एक

पावतीकाकांचं खरं नाव गल्लीत कुणालाही विचारून बघा. लोक डोकं खाजवतील. लाँड्रीच्या पाटीवर ते एकेकाळी होतं म्हणे, पण एकतीस वर्षं वाफ खाऊन पाटी फुगली, नावाचे पोपडे निघाले आणि काकांनी ते पुन्हा रंगवायची तसदी घेतली नाही. त्याखालची ओळ मात्र ते दरवर्षी स्वतःच्या हाताने लाल रंगात गिरवतात : 'पावती नाही, कपडा नाही.'

ही ओळ उगाच आलेली नाही. दुकान नवं असताना काकांनी एकदा, आयुष्यात एकदाच, गिऱ्हाइकाचा चेहरा बघून पावतीशिवाय पँट दिली होती. चेहरा होताच तसा, अगदी गरीब गाय. पँट निघाली बँडवाल्याची. दुसऱ्या दिवशी भर रस्त्यातून बँड गेला तो असा : वर सोनेरी झालरींचे कोट, खाली पांढऱ्याशुभ्र पँटी, आणि तिसऱ्या रांगेत ट्रम्पेटवाला पट्ट्यापट्ट्यांच्या लेंग्यात. अख्खा रस्ता खो खो हसला. बिचारा वाजवतही होता आणि रडतही होता, त्यामुळे सूर काही लागेना. काकांनी दारातून ते पाहिलं आणि कानाला खडा लावला.

तो खडा मग निघालाच नाही. शेजाऱ्याने वर्तमानपत्र वाचायला नेलं, फाड पावती. काकूंच्या बहिणीने चाळणी नेली, फाड पावती. लेकीच्या लग्नात काकांनी लेकीची पावती फाडून जावयाची सही घेतली, तर लेक शेवटी काकांचीच, तिने नवऱ्याचीही पावती फाडायला लावली. 'जावई, नग एक, खांद्याला किंचित चुरगळलेला.' काकू चिडल्या की म्हणतात, "माझी पावती माझ्या वडिलांकडे राहिली. नाहीतर केव्हाच परत गेले असते!"

तर अशा या काकांच्या दुकानात एका सोमवारी एक फॉर्म आला. दुकानाचं निम्मं काम म्हणजे चौकातल्या मोठ्या हॉटेलच्या चादरी, आठवड्याला चारशे. त्या चादरी आहेत म्हणून इस्त्रीच्या टेबलाशी दोघी ताया कामाला आहेत. चादरी नसत्या, तर काका आणि काकू एकमेकांचेच कपडे धुवत बसले असते. फॉर्म त्या चादरींच्या गाठोड्यावर टाचणीने लावलेला होता. जगाने म्हणे स्वतःसाठी सतरा ध्येयं ठरवली आहेत, गरिबी हटवण्यापासून समुद्र वाचवण्यापर्यंत. हॉटेलने ठरवलंय की यापुढे काम त्याच लहान धंद्यांना द्यायचं, जे या ध्येयांना हातभार लावतात. फॉर्म भरून ठेवा, उद्या आमचे अधिकारी पाहणीला येतील.

काकांनी ते दोनदा वाचलं आणि चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं.

"अगं, जगाचं भलं मागतायत आपल्याकडून."

"मग पावती द्या आणि गुरुवारी न्या म्हणावं," काकू म्हणाल्या. पण हातातली इस्त्री त्यांनी उभी केली, कारण चादरी गेल्या तर दोघी तायांच्या घरची चूल थंड होणार हे त्यांना काकांच्या आधी कळलं होतं.

दोघं फॉर्म भरायला बसले. काकांचं अक्षर मोत्यासारखं आणि खोटं लिहायची सवय नाही, म्हणजे सगळीच पंचाईत. 'हवामान बदलाबाबत आपण काय करता?' काकांनी लिहिलं, 'ढग आले की दोऱ्या आत घेतो.' 'पाण्याचा पुनर्वापर?' लिहिलं, 'शेवटच्या खळबळाच्या पाण्यात पायपुसणी, त्या पाण्याने फरशी, त्या पाण्याने बाहेरची पायरी. त्यानंतर पाणीच उरत नाही.' 'सागरी जीवन?' काकांनी बराच विचार केला. 'समुद्र लांब आहे. आम्ही त्याला कधी त्रास दिलेला नाही.' 'भागीदारी?' तिथे मात्र पेन कागदात रुतलं. 'भागीदार नको. एकदा मेव्हण्याला घेतलं होतं.'

"स्त्री-पुरुष समानता आहे का, विचारतायत."

"कुठली समानता? सगळं माझंच चालतं, लिहा."

काकांनी तेही लिहिलं. 'समाजाला तुमच्याकडून काय परत मिळतं?' या प्रश्नापाशी ते छाती काढून बसले. उत्तर तयार होतं. 'जे दिलं तेच. पावती दाखवल्यावर.'

शेवटी उरला रोजगार. काकांनी लिहिलं, 'तीन माणसं.' म्हणजे दोघी ताया आणि काकू. स्वतःला ते माणसांत धरत नसत.

"आणि कोट," काकू म्हणाल्या. "कोट विसरलात."

आता हा कोट काय, ते सांगायला हवं. एकोणीस वर्षांपूर्वी एक पोरगेलासा माणूस काळा कोट टाकून गेला, तो परत आलाच नाही. बाहीला शाईचा डाग होता, तो काकांनी लिंबू लावून काढला. कॉलरच्या आत न पुसणाऱ्या शाईने पुस्तकाचा आणि पावतीचा आकडा घातला, २०६/१४, आणि कोट हँगरला अडकवला. अशा बेवारशी कपड्यांना दुसरा कुणी लाँड्रीवाला वर्षभरात बोळवून टाकतो. काका नाही. ज्याची पावती त्याचा कपडा, मग तो शंभर वर्षांनी का येईना.

सहा वर्षं कोट लटकला. मग गल्लीतल्या एकाला नोकरीच्या मुलाखतीला बोलावणं आलं आणि अंगावर घालायला धड काही नाही. काकूंनी कोट काढला, तर काका आडवे आले. दुसऱ्याचा माल! प्राण गेला तरी नाही! काकू शांतपणे म्हणाल्या, "कपडा नुसता ठेवला की कसर लागते. वापरला की टिकतो. मालकासाठी जपायचाय ना? मग बाहेर काढून हवा द्यायला नको?"

 त्या दिवशी काकांनी पावती फाडली, 'कोट, काळा, नग एक. देखभालीसाठी बाहेर.' तेव्हापासून कोट कुणाला उसना म्हणून दिलेला नाही. एक्केचाळीस लोकांनी आजवर तो फक्त हवेवर नेला, आणि नेताना योगायोगाने मुलाखत देऊन आले. उंच असेल त्याने हात मागे बांधून बोलायचं, बुटका असेल त्याच्या बाह्या काकू आतून टाचण्या लावून दुमडून देणार. परत आणताना काय झालं त्याची एक चिठ्ठी आतल्या खिशात टाकायची. एक्केचाळिसांपैकी सव्वीस जणांना नोकरी लागली. उरलेल्यांच्या बाबतीत कोटाचा दोष नाही, असं काकांचं ठाम मत.

"लिहा," काकू म्हणाल्या. काकांनी 'तीन माणसं' पुढे 'आणि एक कोट' असं लिहून खाली सही ठोकली.

मंगळवारी साहेब आले. काखेत हिरवी फाइल, गळ्यात हिरवं ओळखपत्र, चाळिशीचे, पोट सुटू लागलेलं, बोलायला मऊ. काकूंनी त्यांना मनातल्या मनात हिरवे साहेब करून टाकलं. साहेबांनी दुकान हिंडून पाहिलं. छतावरच्या वाळवणाच्या दोऱ्या पाहिल्या, निखळलेल्या बटणांची बरणी पाहिली, प्लॅस्टिकऐवजी जुन्या चादरीत बांधलेली गाठोडी पाहिली. फॉर्म वाचताना समुद्रापाशी त्यांना खोकला आला आणि मेव्हण्यापाशी पाणी द्यावं लागलं.

"काका, हे रोजगारात कोट लिहिलंय. म्हणजे काय?"

काका सांगायला तोंड उघडणार, एवढ्यात दारात कुलूपवाल्याची थोरली मुलगी आली. आली म्हणजे काय, धडकलीच. अंगात काळा कोट, बाह्यांतल्या टाचण्या निघून लोंबतायत.

"काकू! लागली! बस डेपोत, तिकिटांच्या हिशेबाला! एक तारखेपासून या म्हणाले!"

काकूंनी तिला मिठी मारली आणि टाचणी टोचून घेतली. दोघी तायांनी इस्त्र्या सोडून टाळ्या वाजवल्या. काका म्हणाले, "सत्तावीस!" आणि लगेच म्हणाले, "आधी पावतीवर परतीची सही कर."

या सगळ्या गोंधळात हिरवे साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले होते. त्यांचं लक्ष मुलीकडे नव्हतं.

"हा कोट," ते म्हणाले, "आतला डावा खिसा लाल दोऱ्याने शिवलाय का?"

 मुलीने कोट उघडून पाहिलं. खिसा लाल दोऱ्याने शिवलेला होता. गेली एकोणीस वर्षं होता.

"काळा दोरा संपला होता," साहेब म्हणाले. "आईने लालने शिवला. बाबांचा कोट आहे हा. मीच टाकून गेलो होतो तुमच्याकडे." त्यांनी हातातली फाइल खुर्चीवर ठेवली. "बाबा गेले मागल्या वर्षी. मी विसरूनच गेलो होतो हो काका."

काकूंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मुलगी घाईघाईने कोट उतरवू लागली. ओळख पटली होती, यात काही शंकाच नव्हती. काकांनाही नव्हती. त्यांनी कोट हातात घेतला, झटकला, घडी घातली. साहेबांनी हात पुढे केले.

"पावती?" काका म्हणाले.

काकूंना वाटलं, आता धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं.

"अहो!" त्या दातओठ खात म्हणाल्या. "साहेब आहेत ते! चादरी!"

"साहेब आहेत, म्हणून तर. चेहरा बघून मी एकदा कपडा दिला होता." काकांच्या कपाळावर घाम होता. हातात दुसऱ्याच्या बापाचा कोट आणि समोर चारशे चादरी. त्यांना स्वतःचा राग येत होता, पण बोलताना पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा डोळ्यांसमोरून हलत नव्हता. "साहेब, माल तुमचाच आहे. माझ्या जिवापलीकडे जपेन. पण पावती आणा."

"एकोणीस वर्षांपूर्वीची?"

"पावतीला वय नसतं."

साहेबांनी काकांकडे पाहिलं, पाटीवरच्या लाल ओळीकडे पाहिलं, फाइल काखेत मारली आणि पायऱ्या उतरून गेले. फॉर्म त्यांनी सही न करताच फाइलमध्ये घालून नेला होता.

मंगळवार आणि बुधवार काकांचे फार वाईट गेले. काकू त्यांच्याशी फक्त पावतीवर बोलत होत्या. चहाच्या कपाखाली कागद, 'चहा, नग एक, साखर नाही.' दोघी ताया तोंड पाडून इस्त्री फिरवत होत्या आणि उगाच एकमेकींना विचारत होत्या, बेकरीत बायका घेतात का गं कामाला? काकांनी पावतीपुस्तक क्रमांक दोनशे सहा माळ्यावरून काढून, झटकून, चौदाव्या पावतीची दुकानाकडची प्रत तीन वेळा वाचली. हॉटेलकडून ना माणूस आला, ना चादर.

गुरुवारी सकाळी नऊला बेकरीवाल्याचा जावई आला. तो आठ महिने घरी बसलेला. सासऱ्याच्या घरी राहून आठ महिने रिकामं बसणं म्हणजे काय ते ज्याचं त्यालाच ठाऊक. बिचारा पावही अर्धा तोडून खायचा. दहा वाजता त्याची मुलाखत होती, गोदामात मालाची तपासणी करायची नोकरी. काकूंनी त्याला कोट चढवला. माणूस लहान चणीचा, त्यामुळे टाचण्याच टाचण्या. दोन्ही हात पसरून तो मधोमध उभा होता आणि काकू तोंडात टाचण्या धरून उजवी बाही दुमडत होत्या. तेवढ्यात पायऱ्यांवर हिरवे साहेब.

साहेबांनी काउंटरवर एक कागद ठेवला. जुना, पिवळा, गुंडाळी होऊन पडलेला. त्याला लाल दोऱ्याचे तंतू चिकटले होते.

"आईच्या शिवणाच्या डब्यात होती," ते म्हणाले. "लाल दोऱ्याचं रीळ मशीनच्या खिळ्यावर सैल बसायचं, म्हणून तिने ती रिळाच्या भोकात कोंबून ठेवली होती."

काकांनी चष्मा लावला. 'कोट, काळा, नग एक. बाहीला शाई. आतला खिसा लाल दोरा. मिळण्याचा दिवस : गुरुवार.' आपलंच मोत्यासारखं अक्षर.

"गुरुवारच आहे आज," काका पुटपुटले. "वेळेत आलात."

मग ते बेकरीवाल्याच्या जावयाकडे वळले. एवढंसं तोंड झालं होतं त्याचं. घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं. "काढ बाबा," काका म्हणाले. एकोणीस वर्षं ज्या क्षणाची वाट पाहिली तो आला होता, मालकाला माल मिळत होता, नियम जिंकला होता, आणि काकांना दुकानाला आग लावावीशी वाटत होती. काकूंनी एकेक टाचणी काढली. जरा जास्तच जोरात काढली. आतल्या खिशातल्या चिठ्ठ्यांचं पुडकं काकांनी काउंटरवर ठेवला आणि कोट साहेबांच्या हाती दिला.

साहेबांनी तो तिथेच चढवला. खांदे बसले, पोटाने मात्र साफ नकार दिला. त्यांनी श्वास आत ओढून मधलं बटण लावलं आणि बोलायला श्वास सोडला. बटण टण्णकन उडालं ते थेट खळीच्या बादलीत. दोघी तायांनी एकमेकींकडे बघायचं कटाक्षाने टाळलं.

"हे काय आहे?" साहेबांनी चिठ्ठ्यांकडे बोट दाखवलं.

"कोट हवेवर गेला की काय झालं, त्याची नोंद. ती तुमच्या मालात नाही. पण वाचायला हरकत नाही."

साहेब वाचू लागले. 'लागली. बाही आखूड पडली, मी हात खिशात ठेवला, त्यांना वाटलं आत्मविश्वास.' 'लागली नाही, पण पहिल्यांदाच मला कुणी बसा म्हणालं.' 'लागली! लागली! लागली!' 'लागली. खिशावरचा लाल दोरा चाचपत होते, त्याने धीर आला.' पाच-सहा चिठ्ठ्या वाचून साहेब खुर्चीत बसले.

"काका, हा कोट बाबांनी मुलाखतीसाठी शिवून घेतला होता. त्यांना नोकरी लागली नाही. मग तोच घालून मी गेलो. मलाही नाही. वर घाबरून बाहीवर शाई सांडून आलो. बाबा म्हणाले, कोट पांढऱ्या पायाचा आहे, पुन्हा घरात आणू नकोस. म्हणून मी परत आलो नाही. शेवटपर्यंत त्यांना वाटत होतं, त्या कोटानेच सगळं बिघडवलं." त्यांनी चिठ्ठ्या नीट रचल्या. "किती म्हणालात परवा? सत्तावीस?"

"सत्तावीस," काकू म्हणाल्या. त्या बादलीत कोपरापर्यंत हात घालून बटण शोधत होत्या. "पांढऱ्या पायाचा म्हणे! सत्तावीस चुली पेटल्यात त्याच्यावर!"

 साहेब डोळे पुसत हसले, उठले, कोट उतरवला आणि काउंटरवर ठेवला.

"धुवायला टाकायचाय."

"डाग कुठाय?" काकांनी कोट उलटासुलटा केला. "स्वच्छ आहे."

"आमच्या घरातला जुना डाग आहे. तुमच्याकडे बराचसा गेलाय, पण राहू दे अजून. आणि बटण लावायचंय. पावती फाडा."

काकांनी पुस्तक पुढे ओढलं, अक्षर मोत्यासारखंच आलं. 'कोट, काळा, नग एक. बटण.' मिळण्याच्या दिवसापाशी ते थबकले, तेव्हा साहेब म्हणाले, "गुरुवार लिहा. कुठला ते लिहू नका."

इकडे काकूंनी बादलीत सापडलेलं बटण लावून दोरा दाताने तोडलासुद्धा, आणि बेकरीवाल्याचा जावई पुन्हा हात पसरून उभा राहिला. साडेनऊ झाले होते. काकांनी दुसरी पावती फाडली, 'देखभालीसाठी बाहेर.' जावई सही करून धावत सुटला. डाव्या बाहीतल्या टाचण्या लावायच्या राहिल्या होत्या, म्हणून तो एक हात वर धरून पळत होता.

"आणि आमच्या चादरी?" काकूंनी विचारलंच.

"त्या दुपारी येतील. फॉर्म मंगळवारीच हॉटेलात पोचल्यावर मंजूर केलाय मी," हिरवे साहेब म्हणाले. "ज्या दुकानात मला माझा कोट मिळत नाही, तिथे हॉटेलची चादर कशी हरवेल?"

धाकट्या ताईने आनंदाने इस्त्री इतकी दाबली की मोठीने तिचा हात धरून ती उचलवली.

साहेबांनी नव्या पावतीची बारीक घडी घातली आणि पायरीवर जाऊन थांबले. "काका, एक सांगून ठेवतो. ही पावती मी हरवणार आहे."

पावती हरवणाऱ्या माणसाला काकांनी एकतीस वर्षांत कधी धड उत्तर दिलेलं नाही. काकू श्वास रोखून त्यांच्याकडे बघत राहिल्या. काकांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला.

"हरवा," ते म्हणाले. "पण या वेळी नीट हरवा. मागच्या खेपेला सापडली."